‘वादळबिदळ काही नाही हो!’

“चौदा नंबरवाल्यांचं कुंपण आडवं झालं, पाहिलंस का गं?” काकूंनी चिमट्यांची पिशवी दोरीला अडकवत विचारलं. “आणि वर म्हणतोय कसा, हवामानवाल्यांनी नीट सांगितलं नाही! अरे, आठवडाभर टीव्हीवर नकाशा पिवळा करून, नारिंगी करून घसा कोरडा करत होते ते. तू कानात बोळे घालून बसलास त्याला ते काय करणार?”

आमचं आणि काकूंचं मधलं कुंपण शाबूत होतं, हे नशीब. लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनमध्ये, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या मागे ही लाकडी फळ्यांची कुंपणं असतात. काकू मूळच्या गिरगावातल्या, उंचीने बेताच्या. त्यामुळे त्या पलीकडे एक मोठी कुंडी पालथी घालून तिच्यावर उभ्या राहतात. मला दिसतं ते फक्त त्यांचं कुंकू, चष्मा आणि बोलण्याच्या भरात हलणारा एक हात. त्या हातात बहुतेक वेळा काकांचा ओला मोजा असतो.

“आपल्याकडे तरी काय वेगळं आहे?” मी म्हटलं. “वेधशाळेने पाऊस सांगितला की लोक छत्री घरी ठेवतात.”

“हो, पण आपण वेधशाळेला हसतो, म्हणजे एका इमारतीला हसतो. तिला काय फरक पडतो? इथे एका जित्याजागत्या माणसाला हसले. एक नाही, दोन नाही, चांगली तीस-पस्तीस वर्षं. मायकेल फिश! तुला नाव तरी माहीत आहे का?”

माहीत होतं ते एवढंच की ऑफिसात कुणाचा अंदाज चुकला की गोरे सहकारी हे नाव घेऊन खिदळतात. काकूंना तेवढं पुरलं. त्यांनी मोजा खांद्यावर टाकला आणि कुंडीवर नीट पाय रोवले.

“अगं, मी इथे नवीन आले ना, तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे नुसतं शाळेतलं. दुकानातली बाई काय बोलते ते कळायचं नाही. बातम्या तर डोक्यावरून जायच्या. पण हवामान कळायचं! का, तर रोज तेच शब्द. पाऊस, वारा, धुकं, मधूनमधून ऊन. आणि समोर नकाशा. मी माझं इंग्रजी ह्या हवामानवाल्यांकडून शिकले, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं खपत नाही. तेव्हा संगणकबिंगणक काही नव्हतं हं. पत्र्याचा नकाशा आणि त्यावर चुंबकाचे ढग! आपण फ्रीजवर दुधाचा हिशेब लावतो ना, तसे. हा गृहस्थ यायचा, हातात दोन-चार ढग आणि एक सूर्य घेऊन, आणि स्कॉटलंडवर ढग चिकटवायचा. कधी तो ढग घसरायचा. मग हा तो उचलून परत लावायचा आणि बोलणं तसंच चालू.”

ही चुंबकी चिन्हं १९७५ मध्ये आली, आणि ती काढली होती नॉर्विचच्या कलाशाळेतल्या मार्क अ‍ॅलन नावाच्या विद्यार्थ्याने. हे मी नंतर वाचलं. पांढरा ढग, काळा ढग, ढगाखाली थेंब. आज आपल्या फोनवर जे ढग दिसतात त्यांचं घराणं तेच. १९८५ मध्ये संगणकाची चित्रं आली आणि ते पत्र्याचे नकाशे गेले.

“दिसायला कसा होता?” मी विचारलं.

“कसा म्हणजे? चष्मा, मिशी, आणि कपडे… काय सांगू! चौकड्यांचे कोट, रुंदच्या रुंद टाय. आमचे हे म्हणायचे, ह्याला कपडे घालताना आरसा दिसत नसावा. पण एक सांगते, नुसता गोड चेहरा म्हणून उभा केलेला माणूस नव्हता तो. शिकलेला, खात्यातला. ईस्टबोर्नचा, समुद्राकाठचा. १९६२ साली अठराव्या वर्षी हवामान खात्यात चिकटला, तो गॅटविक विमानतळावरच्या कचेरीत. विमानवाल्यांना वारा सांगायचा, धुकं सांगायचं. तिथून रेडिओ, आणि १९७४ मध्ये टीव्ही. पगार बीबीसीचा नाही बरं का, खात्याचा! सरकारी नोकर. ते खातं तेव्हा संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली होतं.”

“म्हणजे दूरदर्शनवर वेधशाळेतले साहेब स्वतः येऊन सांगताहेत असं?”

“तसंच. आणि समोर लिहिलेलं काही नाही. बातम्या देणारा वाचून दाखवतो, हे पाहिलं आहेस ना? हवामानवाला वाचत नाही. दुपारभर नकाशे बघायचे, खात्याशी फोनवर बोलायचं, काय सांगायचं ते मनात जुळवायचं आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलत सुटायचं. कानात एक जण सेकंद मोजतोय. दोन मिनिटं दिली तर दोनच मिनिटं. पुढच्या कार्यक्रमाला उशीर झाला तर ह्याच्या नावाने खडे. आता तर मागे नकाशाही नसतो म्हणे, नुसता रंगीत पडदा. हा हवेत हात फिरवतो आणि बाजूच्या छोट्या टीव्हीत बघून ठरवतो की आपलं बोट वेल्सवर आहे की आयर्लंडवर.”

इतक्यात काका मागच्या दाराने बाहेर आले. काका निवृत्त बँकवाले. काकूंचं बोलणं ते आतून ऐकत असतात आणि आकडा चुकला की बाहेर येतात.

“पहिला हवामानवाला फिश नव्हे,” काका म्हणाले. “जॉर्ज काउलिंग. ११ जानेवारी १९५४. त्याच्याआधी पडद्यावर नकाशा दिसायचा आणि आवाज ऐकू यायचा, माणूस दिसायचा नाही.”

“माहीत आहे मला! आणि त्या काउलिंगने पहिल्याच दिवशी काय सांगितलं ते ह्यांना विचार. उद्या वारा आहे, कपडे वाळत घालायला दिवस चांगला! हा खरा माणूस. कमी दाब, जास्त दाब ते तुम्ही बघा, आम्हाला धुणं वाळणार का ते सांगा.” काकूंनी खांद्यावरचा मोजा काढून एकदाचा चिमट्यात अडकवला. “आणि बाई पण आली हं नंतर. फिश आला त्याच वर्षी, बार्बरा एडवर्ड्स. बीबीसीवर हवामान सांगणारी पहिली बाई. हुशार, खात्यातलीच. तर लोकांनी पत्रं कशाची लिहावीत? तिच्या कपड्यांची! ह्या फिशने पडद्याच्या कापडाचा कोट घातला तरी चालतो, आणि तिने तोच ड्रेस पुन्हा घातला तर पत्रं. गेली बिचारी टीव्ही सोडून, परत रेडिओवर. तिथे कुणाला दिसत नाही ना.”

मला पुणं आठवलं. माझं माहेर शिवाजीनगरचं. आमच्याकडे ‘सिमला ऑफिस’ हा बसथांबा आहे, आणि पुण्यातल्या निम्म्या लोकांना तो सिमल्याच्या नावाचा का, हे ठाऊक नाही. भारतीय हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हलवलं, म्हणून लोक त्या दगडी इमारतीला सिमला ऑफिस म्हणू लागले. मी काकूंना सांगितलं की त्याच पुण्याच्या कार्यालयात १९४८ पासून अ‍ॅना मणी काम करत होत्या. केरळच्या, रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या. वारा, ऊन, पाऊस मोजायची यंत्रं परदेशातून यायची, ती इथे बनावीत म्हणून त्यांनी शंभरेक यंत्रांचे आराखडे पक्के केले. १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

“आणि त्यांचा चेहरा कुणाला माहीत होता?” काकूंनी विचारलं.

“कुणालाच नाही.”

“सुखी होत्या!”

मग काकू मूळ गोष्टीवर आल्या, १५ ऑक्टोबर १९८७ वर. गुरुवार होता. काकूंना वार पाठ आहे, कारण गुरुवारी त्यांचा उपास असतो आणि दुपारी एकच्या बातम्यांच्या वेळी त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. बातम्यांनंतर फिश आला. हसतच म्हणाला की आज कुणा बाईने बीबीसीला फोन केला, चक्रीवादळ येतंय असं तिने ऐकलंय म्हणे. तर बाई, तुम्ही बघत असाल तर काळजी करू नका, तसलं काही नाही.

“वादळबिदळ काही नाही हो, अशा थाटात!” काकूंनी नक्कल केली. “आणि पुढचं कुणी दाखवत नाही. पुढे तो म्हणाला होता की वारा मात्र खूप सुटणार आहे. पण जोर स्पेन-फ्रान्सकडे राहील, असं म्हणाला. तिथे फसला. पण वारा सुटणार हे म्हणाला की नाही? ते कापून टाकलं! वीस सेकंदांची चकती ठेवली, तीच फिरवतात.”

त्या रात्री काय झालं ते क्रॉयडनच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. पहाटे दोन ते सहा. बिस्केच्या उपसागरातून आलेलं वादळ कॉर्नवॉलवरून ईशान्येला सरकलं आणि त्याच्या उजव्या हाताला दक्षिण इंग्लंड सापडलं. किनाऱ्यावर शोरहॅमला ताशी ११५ मैल, म्हणजे १८५ किलोमीटरचा झोत मोजला. लंडनच्या ऐन मध्यात ९४ मैल. ब्रिटनमध्ये १८ माणसं गेली. दीड कोटी झाडं पडली. ऑक्टोबर असल्यामुळे झाडांवर पानं शिल्लक होती, वाऱ्याला धरायला भरपूर शिडं. आणि आधीच्या पावसाने जमीन मऊ झालेली. सेव्हनओक्स नावाचं गाव आहे इथून जवळ, सात ओकांचं. तिथल्या मैदानावरच्या सातातले सहा ओक एका रात्रीत आडवे झाले.

“मला वाटलं छप्पर जातंय,” काकू म्हणाल्या. “कचऱ्याचे डबे रस्त्याने धावत होते, त्यांचा आवाज. मागच्या बाजूला काचेची खोली होती शेजाऱ्यांची, टोमॅटो लावायचे ते. ती गेली. खळकन. दिवे गेले. ह्यांनी मेणबत्ती शोधली आणि मी रामरक्षा म्हणत बसले. सकाळी दार उघडलं, तर समोरच्या रस्त्यावर एवढं मोठं झाड गाडीवर आडवं. आणि आमच्या अंगणात कुणाचा तरी कोंबडीचा खुराडा! कोंबडी नाही, नुसता खुराडा. कुणाचा ते आजतागायत कळलं नाही.”

“माझी लोकल बंद,” काका म्हणाले. “रुळांवर झाडंच झाडं. सिटीत, म्हणजे लंडनच्या बँकांच्या भागात, निम्मे लोक पोचले नाहीत. शुक्रवारी शेअरबाजार जवळजवळ बंदच. आणि सोमवारी…”

“थांबा हो. सोमवार नंतर. आधी फिश.”

फिशचं काय झालं, तर त्याचं काहीच झालं नाही, आणि सगळं झालं. गंमत म्हणजे त्या रात्रीच्या बातम्यांनंतर हवामान सांगायला फिश नव्हताच, बिल जाइल्स होता. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आला तो इअन मॅक्कॅस्किल, स्कॉटिश उच्चारांचा, जाड चष्म्याचा, लोकांचा लाडका. त्याला बातम्या देणाऱ्याने थेट प्रक्षेपणात सुनावलं की काल रात्री तुमचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे बोलणी खाल्ली मॅक्कॅस्किलने, रात्रीचा अंदाज जाइल्सचा, आणि बदनामी फिशच्या पदरात. का, तर त्याने बाईचा किस्सा सांगितला. रुक्षपणे ‘वाऱ्याचा जोर राहील’ एवढंच म्हणाला असता, तर आज त्याचं नाव आठवायला विश्वकोश उघडावा लागला असता.

“पण तो चुकला होता की बरोबर होता?” मी विचारलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या खात्यातला.

“नावाने बरोबर, वाऱ्याने चूक,” काका म्हणाले. “हरिकेन म्हणजे उष्ण कटिबंधातलं चक्रीवादळ. त्याला खाली गरम समुद्र लागतो, साधारण २६-२७ अंशांचा. इंग्लिश खाडीत तेवढं गरम पाणी कुठलं? आलं ते आपल्या इकडचंच, थंड-गरम हवेच्या टकरीतलं वादळ. पण जोर मात्र ठिकठिकाणी हरिकेनच्या मापाचा. आता ज्याच्या गाडीवर झाड पडलंय त्याला जाऊन सांग, की बाबा हे शास्त्रानुसार हरिकेन नव्हे!”

“आणि खातं काही झोपलं नव्हतं,” काकूंनी पुस्ती जोडली. “आठवड्याच्या सुरुवातीला म्हणाले होते की गुरुवार-शुक्रवार जड जाणार. जहाजांना इशारे दिले. मध्यरात्रीनंतर आगीच्या बंबवाल्यांना कळवलं, लष्कराला कळवलं. सगळ्यांना कळवलं, फक्त आम्ही मेणबत्त्या शोधत बसलो!”

ह्यातली मेख अशी की वादळ तयार झालं समुद्रावर, आणि तिथून येणाऱ्या नोंदी फार थोड्या. संगणकाला जे दिसलं त्यावरून वाटलं की वादळ खाडीच्या कडेने निघून जाईल. ते थोडं वर सरकलं, आणि खाली लंडन होतं. पुढे चौकशी झाली, यंत्रणा सुधारली, आणि वर्षभरात लोकांना थेट इशारे द्यायची नवी पद्धत सुरू झाली. आज जे पिवळं-नारिंगी-लाल चालतं, त्याचं मूळ तिथे आहे. २०१५ पासून तर वादळांचं बारसंही करतात. पहिलं अ‍ॅबिगेल.

“युनिस आठवतं ना?” काका खुशीत आले. “फेब्रुवारी २०२२. लंडनला लाल इशारा. माणसं घरात बसली. आइल ऑफ वाइटच्या टोकावर १२२ मैलांचा झोत, सत्त्याऐंशीच्या वादळापेक्षा जास्त. ओटू सभागृहाचं छत फाटलं. मी दिवसभर घरात बसून हीथ्रोवर विमानं उतरताना बघत होतो. एक जण इंटरनेटवर थेट दाखवत होता. एकेक विमान असं तिरकं यायचं…”

“दिवसभर!” काकू म्हणाल्या. “जेवायला उठले नाहीत. आणि त्या वेळी सांगणारे बरोबर आले, तर कुणी त्यांचं नाव घेतलं? तू सांग, युनिस बरोबर सांगणाऱ्या माणसाचं नाव काय?”

मला सांगता येईना. काकांनाही येईना.

“बघ. चुकलेल्याचं नाव पोराटोरांना पाठ.”

मी मग आपल्याकडचं काढलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. काकूंचा भाऊ त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाला तो दुसऱ्या दिवशी घरी पोचला, हे त्यांनी मला आधीही सांगितलं आहे. एवढा पाऊस पडेल असं आदल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याबद्दल कुणा एका माणसाचा चेहरा आपल्याला आठवत नाही. आपण बोटं मोडली ती वेधशाळेच्या नावाने, महापालिकेच्या नावाने, मिठी नदीच्या नावाने.

“आणि पंचांगाच्या नावाने कधीच नाही!” काकू हसल्या. “आमचे वडील पाडव्याला पंचांग वाचायचे. मृगाचं वाहन काय, आर्द्राचं वाहन काय. बेडूक निघाला, म्हैस निघाली, हत्ती निघाला की आई खूश, यंदा पाऊस चांगला. पुढे कोरडं गेलं तरी त्या हत्तीला कुणी जाब विचारला नाही. पुढच्या पाडव्याला परत तोच हत्ती आणि परत आम्ही खूश. फिशने वाहन सांगायला हवं होतं. आजच्या वाऱ्याचं वाहन मेंढा, असं म्हणून मोकळा!”

काकूंचं हसू थांबेस्तोवर काकांना संधी मिळाली. “आता सोमवार सांगू का?”

“सांगा, सांगा. पोटात दुखेल नाहीतर.”

“शुक्रवारी वादळ. सोमवारी, १९ ऑक्टोबरला, जगभरचे शेअरबाजार कोसळले. त्याला काळा सोमवार म्हणतात. आमच्या बँकेत एकेक साहेब डोकं धरून बसलेला. तो कोसळणार हे कुठल्या शहाण्याने आदल्या गुरुवारी सांगितलं होतं? एकाने नाही. त्यांची नावं कुणाला आठवतात? कुणाला नाही. सगळे आपापल्या बढत्या घेऊन निवृत्त झाले. गंमत पुढेच आहे. २००८ मध्ये पुन्हा सगळं कोसळलं, पुन्हा कुणाला आधी दिसलं नाही. मग २०१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य अर्थतज्ज्ञ अँड्र्यू हॉल्डेन काय म्हणाले? की ही आम्हा अर्थतज्ज्ञांची ‘मायकेल फिश’ वेळ होती! म्हणजे चुकले हे, आणि नाव पुन्हा त्याचंच!”

काका चिडले की त्यांचे कान लाल होतात. ते तेव्हा झाले होते. मला वाटतं, ज्या बँकेत माणूस जन्मभर राबला तिच्याच बाजूचं हे उदाहरण तो काढतो, ते काही फिशच्या प्रेमापोटी नसावं. त्या सोमवारचं काहीतरी आत राहिलं असावं. पण ते कुंपणावरून विचारायचं नसतं.

“तो काही रडत बसला नाही मात्र,” काकू म्हणाल्या. “हे मला त्याचं फार आवडतं. दुसरा असता तर नोकरी सोडून गेला असता. हा त्यानंतर सतरा वर्षं त्याच पडद्यावर, तसेच टाय लावून. पोरांनी जॉन केटली नावाच्या दुसऱ्या हवामानवाल्यावर गाणं काढलं, १९८८ मध्ये, त्यातही ह्याचं नाव. मुलाखतीला गेला की पहिला प्रश्न तोच. हसून उत्तर द्यायचा. ती चित्रफीत दाखवल्याचा दर वेळी एक पेनी मिळाला असता तर मी लक्षाधीश झालो असतो, असं काहीतरी म्हणायचा. २००४ मध्ये निवृत्त झाला, राणीने किताबही दिला. आणि २०१२ ची ऑलिम्पिक्स लंडनला झाली ना, त्या उद्‌घाटनाला, अख्ख्या जगासमोर, काय दाखवलं?”

“तीच चित्रफीत?”

“तीच! शेक्सपिअर, राणी, जेम्स बाँड, आणि मायकेल फिश. आम्ही सोफ्यावर बसून बघत होतो. मी ओरडलेच, अगं बाई, आपला फिश! हे म्हणाले, ह्या देशाने आपल्या गमतीच्या यादीत घातलंय त्याला, आता सुटका नाही.”

पलीकडच्या रस्त्याने कौन्सिलची गाडी आली आणि कुठल्याशा मोडलेल्या फळ्या उचलायला लागली. त्या खडखडाटात काकू काही बोलल्या ते ऐकू आलं नाही. गाडी पुढे सरकली तेव्हा त्या एका फांदीबद्दल सांगत होत्या. म्हणजे लंडनच्या क्यू बागेतल्या एका ओकबद्दल, हे मला मधूनच कळलं. टर्नरचा ओक म्हणतात त्याला, दोनशे वर्षांपूर्वीचा. मरायला टेकला होता. त्या रात्रीच्या वाऱ्याने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा जागच्या जागी बसवला. बागवाल्यांनी म्हटलं, बाकीची पडलेली सातशे झाडं आधी आवरू, मग ह्याच्याकडे बघू. दोन-तीन वर्षांनी बघतात तर हा टवटवीत. लोकांच्या पायांनी मुळांवरची माती दबून दगड झाली होती, ती वाऱ्याने मोकळी केली. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांखालची माती मुद्दाम यंत्राने भुसभुशीत करतात.

“मी गेल्या उन्हाळ्यात जाऊन बघून आले,” काकू म्हणाल्या. “चांगला आहे. पण आता मला तू एक सांग. ती बाई कोण?”

“कुठली?”

“अगं, फोन करणारी! फिश म्हणतो, माझं बोलणं इथल्या वादळाबद्दल नव्हतंच, फ्लोरिडाच्या बातमीबद्दल होतं. बरं, मान्य. मग नंतर एक बाई वर्तमानपत्रात सांगते की फोन मीच केला होता, आणि इथल्याच वादळाचा केला होता. आता कुणाचं खरं धरायचं?”

“फिशचं,” काका म्हणाले. “बाई कशाला धरायची? प्रसिद्धी मिळते म्हणून म्हणत असेल कुणीही.”

“प्रसिद्धी? तिला काय मिळालं? ह्याला किताब मिळाला, बँकवाल्यांना त्याचं नाव मिळालं, तिला काय? मला तर वाटतं, बाईने फोन केलाच असणार. कुठेतरी ऐकलं असेल, काळजी वाटली असेल, दुपारचं काम आवरून फोन फिरवला असेल. आणि ज्याने उचलला त्याने कागदावर लिहिलं असेल, ‘एक बाई’. अगं, वादळ येतंय हे अख्ख्या इंग्लंडात ज्या एका माणसाला माहीत होतं, त्याला नाव विचारायला काय झालं होतं मेल्यांना?”